गुडघ्याच्या उंचीची गाडी

२०११ च्या दसऱ्याला आम्ही घरी आणलेली वॅगन-आर २०२६ च्या दसऱ्याला पंधरा वर्षांची होते. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. पुढे ठेवायची तर आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पाच हजार रुपये शुल्क भरायचं आणि आणखी पाच वर्षांची मुदत पदरात पाडून घ्यायची. तेव्हा ठेवायची की काढायची, हा विषय सध्या आमच्याकडे रोज रात्री जेवताना निघतो. बायकोचं म्हणणं एक, मुलीचं दुसरं, ऑफिसातल्या मित्रांचं तिसरं. सगळ्यांची मतं घेऊन झाली तेव्हा लक्षात आलं, की आईला कुणी विचारलेलंच नाही. आणि खरं सांगायचं तर ही गाडी मुळात तिच्यामुळे घरात आलेली.

आपल्याकडे व्यवहारी गाडी म्हटलं की लोक तीन प्रश्न विचारतात. लिटरला किती देते, सर्व्हिसिंगला किती लागतात, आणि विकली तर किती येतील? मीही तेच विचारत होतो. कारकुनाच्या पगारात चौथा प्रश्न सुचत नाही. मी तेव्हा एक बुटकी, देखणी गाडी जवळजवळ ठरवली होती. ऑफिसातल्या एका मित्राकडे तीच गाडी होती, म्हणून एका रविवारी त्याची मागून आणली आणि आईला म्हार्दोळला देवदर्शनाला नेलं. तिचे गुडघे तेव्हा नुकतेच दुखू लागले होते. आधी पाठमोरी होऊन एक हात दारावर आणि एक माझ्या खांद्यावर ठेवायचा, मग अंग खाली सोडून द्यायचं, आणि तेवढ्यात डोकं वर आपटायचं. उतरताना तर दोघांनी दोन हात धरून तिला ओढून काढावं लागलं. देवळासमोर, ओळखीच्या चार माणसांदेखत. तिने तक्रार केली नाही. पुढच्या रविवारी मात्र म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी घरीच देवाला हात जोडते.

त्यानंतर वॅगन-आर बघायला गेलो तेव्हा तिला मुद्दाम बरोबर घेतलं. सवयीने मी हात पुढे केला. ती म्हणाली, "म्हाका धरूं नाका, हांव बसतां." आणि खरंच बसली. आत वाकली नाही की वर चढलीही नाही. पडवीतल्या सोप्यावर टेकतो तशी टेकली आणि पाय आत घेतले. नंतर मी घरच्या मोजपट्टीने पाहिलं, सीट जमिनीपासून साधारण दोन फुटांवर आहे. आमच्या जुन्या घराच्या सोप्याचीही तेवढीच उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हीच उंची सोसते, हे घरं बांधणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं.

गाड्या बनवणाऱ्यांना ते जरा उशिरा सुचलं असावं. वॅगन-आर जपानमध्ये १९९३ मध्ये आली. तिथे छोट्या गाड्यांच्या एका वर्गाला लांबीरुंदीची कायद्याने मर्यादा आहे. लांबी वाढवता येत नाही, तेव्हा छप्पर उंच करा आणि माणसांना खुर्चीत बसवतात तसं ताठ बसवा, अशी ती कल्पना. आपल्याकडे ती १९९९ च्या डिसेंबरात आली. लोक हसले. आमच्या वाड्यावर पहिली गाडी आली तेव्हा तिला कुणी डबा म्हणालं, कुणी फणसाची पेटी. पण याच डब्याची गंमत अशी, की २०२१-२२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग चार आर्थिक वर्षं देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी तीच होती. हसणारे हसत राहिले आणि घेणारे घेत राहिले.

घेणाऱ्यांचे अनुभव विचारलेत तर ते साधेच असतात. आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर सांगतात, की त्यांना ती आवडते कारण टोपी न काढता बसता येतं. माझा बेळगावचा साडू बायको, दोन मुलं आणि चवथीचं सामान घेऊन चोर्ला घाटातून येतो. घाटात चढावर दुसऱ्या गिअरला उतरावं लागतं आणि एसी बंद करावा लागतो, पण पोचतो. ऑफिसातल्या एका बाई मागची सीट पाडून नारळ नेतात, भाताची पोती नेतात आणि एकदा तर शिवणयंत्र स्टँडसकट नेलं. पुढच्या सीटखाली एक ओढून काढायचा ट्रे असतो. कंपनीने तो कशासाठी दिला देव जाणे. आमच्यात त्यात आईची छत्री, घडी केलेल्या पिशव्या आणि ओल्या चपला असतात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत.

चवथीला तर तिची खरी परीक्षा. आमचं मूळ घर सत्तरीत. आदल्या दिवशी चित्रशाळेतून मूर्ती आणायची, ती आडवी करून चालत नाही. उंच छपरामुळे आमची दीड फुटाची मूर्ती पाटासकट मागच्या सीटवर सरळ बसते, बाजूला माझी मुलगी हात लावून. डिकीत माटोळीचं सामान. कांगलां, घागऱ्यो, नारळाची पेंड, सुपारीचे कात्रे. वाटेत उन्हाळ्यात रंगलेलं असं काही गाडीत असलं की चवथ आली असं वाटायला लागतं, असं मुलगी लहानपणी म्हणायची. तिला हिरवी माटोळी आणि डिकीतला तो ओला वास अजून आठवतो.

रुंदीचंही असंच. आमच्या गाडीची रुंदी दीड मीटरच्या आत. हल्ली ज्यांना छोटी एसयूव्ही म्हणतात त्या लांबीला चार मीटरच्या आत असतात, कारण त्यावर कर कमी लागतो; पण रुंदीला पावणेदोन मीटरच्या वर जातात. फरक फुटाभराचा. हमरस्त्यावर तो कळत नाही. गावात दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या वयी असलेल्या वाटेवर समोरून दुसरी गाडी आली की त्या एका फुटाची किंमत कळते. आमच्या एका सहकाऱ्याने गेल्या साली मोठी गाडी घेतली. ती आता त्याच्या घरापर्यंत जात नाही. तो देवळाकडे लावतो आणि पावसात छत्री घेऊन पाच मिनिटं चालतो. त्याच्या वडिलांना आत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागतं, तेही गाडीतच असतं. गाडी मात्र छान आहे, वरून आकाश दिसतं.

इथे कुणी म्हणेल, गाडी हा हौसेचा मामला, ज्याचे पैसे त्याची आवड. मान्य. पण गोव्यात गाडी ही नुसती हौस नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या पंचेचाळीस टक्के घरांत चारचाकी असल्याचं दिसलं. देशात सगळ्यात जास्त. दुसऱ्या क्रमांकाचं केरळ चोवीस टक्क्यांवर होतं. याचं कारण केवळ पैसा असं मला वाटत नाही. आपली गावं वाड्यावाड्यांत विखुरलेली. बस हमरस्त्यावर सोडते, घर तिथून मैलभर आत, आणि संध्याकाळी आठनंतर बसचा भरवसा नाही. तरुण माणूस स्कूटर काढतो. म्हातारं माणूस घरी बसतं. म्हणजे घरातल्या ज्या माणसाला बसने जाता येत नाही आणि स्कूटरवर बसता येत नाही, त्याच्यासाठी चारचाकी असते. मग ती निवडताना त्याच माणसाला सोडून बाकी सगळ्यांना का विचारायचं? व्यवहारी गाडी कुठली, याचं माझं उत्तर हे आहे: घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस जिच्यात दुसऱ्याचा हात न धरता बसतं आणि उतरतं ती. मायलेज त्यानंतर.

हा लेख मी इथेच संपवणार होतो. पण मुलीने तो वाचला.

ती अठरा पूर्ण झाली, लायसन्स काढलं, आणि याच गाडीवर शिकली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही. आणि तिने फोन पुढे केला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने नव्या पिढीच्या वॅगन-आरची टक्कर-चाचणी केली, त्यात २०१९ मध्ये दोन तारे मिळाले. मग नियम कडक झाले आणि २०२३ च्या चाचणीत मोठ्यांसाठी पाचपैकी एक तारा आणि मुलांसाठी शून्य. आमची गाडी तर त्याच्याही आधीच्या पिढीची. "आजी आत कशी बसते ते तुम्ही पाहिलंत. काही झालं तर ती बाहेर कशी येईल?"

मला राग आला, कारण उत्तर नव्हतं. २०११ मध्ये एअरबॅग असलेला महाग प्रकारही मिळत होता. मी घेतला नाही. कायद्याची सक्ती नव्हती. ती चालकाच्या एअरबॅगपुरती २०१९ मध्ये आली आणि पुढच्या दोन्हींसाठी २०२१ मध्ये. पण सक्ती नव्हती म्हणून मी वाचवलेले पैसे माझ्याच माणसांच्या जिवावर वाचवले होते. आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते. गाडी घेतल्याच्या आठवड्यात मी हौसेने सीट कव्हरं घालून घेतली. त्या कव्हरांखाली मागच्या पट्ट्यांची टोकं गडप झाली. इतकी वर्षं मागे बसलेल्या कुणीही पट्टा लावला नाही, कारण तो सापडतच नव्हता, आणि आम्हाला त्याची उणीवही भासली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. ती बातमी मी पेपरात पूर्ण वाचली, हळहळलो, आणि पेपर घडी घालून ठेवला.

२०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत गोव्यासारख्या टीचभर राज्यात रस्त्यावर अडीचशेच्या वर माणसं मेली. त्यात बहुतेक दुचाकीवाले, हे खरं. पण "आम्ही काय, हळूच जातो" हे वाक्य चारचाकीवाल्याला वाटतं तितकं पुरेसं नाही. हळू जाणाऱ्याला समोरून येणारा जोरात असू शकतो.

म्हणून माझं मत मी बदललं नाही, पण अर्धं होतं ते पुरं केलं. व्यवहारी गाडीच्या परीक्षा दोन. म्हातारं माणूस आपलं आपण बसलं पाहिजे, आणि बसलेली सगळी माणसं घरी परतली पाहिजेत. पहिलीत पास होणाऱ्या गाडीवर मी पंधरा वर्षं प्रेम केलं आणि दुसरी परीक्षा असते हेच विसरलो. ज्यांनी उंच, जाडजूड, पाच ताऱ्यांची गाडी घेऊन आईवडिलांसाठी स्टूल ठेवलं, ते दुसरीत पास आणि पहिलीत नापास. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. गाड्याही बदलताहेत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली, आणि वॅगन-आरच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग देण्याचं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं. मागणारे असले की मिळतं. आपण आजवर गाणी वाजवणारा पडदा मागितला, तो मिळाला.

तेव्हा ठरलं ते असं. पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं नाही. नवी गाडी बघायला जाताना आई बरोबर येणार, मोजपट्टी माझ्या खिशात, आणि ताऱ्यांची यादी मुलीच्या फोनवर. शोरूममधला मुलगा छताची काच उघडून दाखवील तेव्हा आम्ही मागचं दार उघडून आईला बसायला सांगू. तुमच्या घरात असा बेत असेल तर तुम्हीही हेच करा, एवढंच सांगायचंय. घरातल्या ज्येष्ठ माणसाला विचारून बघू नका, बसवून बघा. विचारलंत तर ती माणसं "खंयचीय चलता" म्हणतात आणि नंतर देवळात यायचं सोडतात.

दरम्यान मागची सीट कव्हरं मी उसवून काढली. खालून पट्ट्यांची टोकं निघाली, कोरी करकरीत, जोडीला एक पन्नास पैशांचं नाणं आणि चवथीची वाळलेली सुपारी. गेल्या सोमवारी आईला घेऊन मंगेशीला गेलो. नेहमीसारखी ती आपली आपण बसली. पट्टा मात्र तिला लावता येईना, खाच दिसत नाही. तो नातीने ओढून लावून दिला. तेवढं धरलेलं तिने चालवून घेतलं.