फळ्यावरचा परवलीचा शब्द

संगणकाच्या कार्यशाळेत पुष्कळदा फळ्यावर एकच नाव व एकच परवलीचा शब्द लिहिलेला असतो आणि तीस मुले त्याच खात्यात शिरतात. सोय होते खरी. पण एकाने दुसऱ्याची फाइल पुसली, तर चोर कोण नि साव कोण हे संगणकाने कसे ओळखावे? त्याच्या लेखी तीसही जण एकच!

१९६० च्या दशकारंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी अनेकांना एकच संगणक एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाच्या फाइली त्याच्यापुरत्या राहाव्यात म्हणून तिथे परवलीचे शब्द आले. तेव्हा स्वतंत्र खाते ही चैन नव्हे.

लिनक्स प्रणालीत तर खात्याला समाप्तीची तारीखही देता येते. संगणक ती १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस मोजून लिहून ठेवतो. तो दिवस उजाडला की प्रवेश बंद. फाइली मात्र जागच्या जागी. घाईने खातेच काढून टाकले आणि फाइली मागे राहिल्या, तर काय होते पाहा. फाइलीवर मालकाचे नाव नसून क्रमांक नोंदलेला असतो. तोच क्रमांक पुढच्या कार्यशाळेतल्या कुणाला मिळाला, की तुमच्या आज्ञावल्या त्याच्या मालकीच्या!

शिक्षकांना विनंती एवढीच की, तीस खाती उघडायला चार ओळींची आज्ञावली पुरते, ती लिहावी. आणि समाप्तीची तारीख शेवटच्या दिवसानंतर आठवडाभराने ठेवावी. अर्धवट राहिलेले काम पुरे करायला मुले परत येतातच.