टायमिंग कॉम्प्युटर बघतो, मग आपण काय बघायचं?

‘फ्युएल इंजेक्शन आलं, आता टायमिंग लाईट कपाटात ठेवा!’ असं छातीठोकपणे सांगणारे होस्टेलवर पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही.

बोटीचं डिस्ट्रिब्युटरवालं पेट्रोल इनबोर्ड इंजिन घ्या. ईसीयू स्पार्क पुढेमागे करतो हे खरं, पण कुठून मोजून? आपण जुळवलेल्या बेस टायमिंगपासून. तेच ४ अंशांनी चुकलं, तर पुढचा सगळा हिशोब ४ अंशांनी चुकतो. शिवाय नुसती लाईट धरून भागत नाही. आधी ईसीयूला सर्व्हिस मोडमध्ये टाकून त्याची ढवळाढवळ थांबवायची, मग डिस्ट्रिब्युटर फिरवून पुलीवरची खूण जुळवायची. नाहीतर खूण एका जागी ठरतच नाही.

४ अंश म्हणजे किरकोळ? गाडीला उतार तरी मिळतो. बोटीच्या प्रोपेलरला सतत पाणी ढकलायचं असतं. स्पार्क फार लवकर पडला तर नॉकिंग होऊन पिस्टन जातो, आणि समुद्रात बाजूला घेऊन थांबायला रस्ता नसतो.

पनवेलहून करंजा बंदर लांब नाही. तिथल्या मच्छीमार बोटी बहुतेक डिझेलच्या. त्यांत स्पार्क नाही, पण डिझेल नेमकं केव्हा फवारायचं, हे टायमिंग आहेच.

म्हणून सरांना विनंती, जर्नलमधली आकृती एक कमी चालेल, पण प्रत्येक बॅचला टायमिंग स्वतःच्या हाताने जुळवू द्या. आणि मित्रांनो, शेजारच्याचं रीडिंग उतरवू नका. उद्या आपण जुळवलेल्या इंजिनावर कुणीतरी खाडीबाहेर जाणार आहे.