समुद्राखालची वाळू मोजली कशी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या समुद्री खनिजांचा पहिला लिलाव पुकारला. एकूण १३ ब्लॉक, त्यातले तीन केरळसमोरच्या बांधकामाच्या वाळूचे. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. केरळात मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये मच्छीमारांनी किनारपट्टी बंद ठेवली आणि मार्चमध्ये विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. या वादात एक आकडा सारखा येतो. केरळच्या समुद्रात ७४.५ कोटी टन वाळू असल्याचा जीएसआयचा, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा अंदाज. पण पाण्याखाली गाडलेली वाळू कुणी तराजूत घालत नाही, मग ती मोजतात कशी?

सुरुवात होते आवाजापासून. जहाजामागे एक उपकरण ओढत नेतात. ‘स्पार्कर’ असेल तर तो खाऱ्या पाण्यात विजेची ठिणगी पाडतो. पाण्याची वाफ होऊन बुडबुडा फुगतो आणि धाडकन आवाज होतो. ‘बूमर’मध्ये विजेच्या झटक्याने धातूची चकती थडथडते. हा आवाज तळावर आपटून परततो, पण थोडा आत शिरतो आणि खालच्या प्रत्येक थरावरून त्याचा प्रतिध्वनी येतो. हायड्रोफोन ते टिपतात आणि स्क्रीनवर तळाचा उभा छेद उमटतो, केक कापल्यावर दिसावा तसा.

आवाज कोणता निवडायचा, इथे तडजोड असते. मिरवणुकीतल्या डीजेचा बास बंद खिडकीतूनही छातीत घुमतो, गाण्याचे शब्द मात्र बाहेरच राहतात. इथेही तेच. कमी फ्रिक्वेन्सी खोल जाते पण बारकावे पुसते. जास्त फ्रिक्वेन्सी पातळ थरही दाखवते, पण लवकर दमते.

खरी गोम पुढे आहे. यंत्र मोजतं फक्त वेळ. जाडी आपण काढतो, आवाजाचा वेग गृहीत धरून. समजा, वाळूच्या थराच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून आलेल्या प्रतिध्वनींत १० मिलिसेकंदांचं अंतर आहे. वेग समुद्राच्या पाण्यासारखा सेकंदाला १,५०० मीटर धरला तर थर साडेसात मीटर जाड. वाळूत आवाज जास्त वेगाने जातो. १,७०० धरला तर तोच थर साडेआठ मीटर. फरक मीटरभराचाच, पण एका चौरस किलोमीटरवर तो दहा लाख घनमीटर होतो!

शिवाय हा थर वाळूचाच कशावरून? त्यासाठी तळात नळी खुपसून नमुना, म्हणजे ‘कोअर’ काढावा लागतो. दोन कोअरच्या मधलं सगळं शेवटी तज्ज्ञाने लावलेला अर्थ असतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. इथल्या चिखलात अनेक ठिकाणी मिथेन वायूचे बुडबुडे अडकलेत. ते आवाज इतका विस्कटतात, की खालचं चित्रच धुरकट होतं.

म्हणून ७४.५ कोटी टन हा आकडा खोटा ठरत नाही. तो अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच वाचायला हवा. मुख्य म्हणजे वाळू किती आहे, एवढंच तो सांगतो. ती काढताना उठणारा गाळ कुठे जाईल, तळावर अंडी घालणाऱ्या माशांचं काय होईल, हे या प्रतिध्वनीत नसतं. त्याचा अभ्यास वेगळा आणि माझ्या मते तो लिलावाआधीच व्हायला हवा होता. मच्छीमारांची मागणी त्यामुळे विज्ञानविरोधी वाटत नाही; ते आणखी विज्ञान मागताहेत.

हे फक्त केरळचं प्रकरण आहे, असं समजू नका. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदरासाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे आणि त्याची वाळू दमणसमोरच्या समुद्रातून आणायचं नियोजन आहे. तिथेही वाळूचे आकडे कानावर येतील. तेव्हा विचारा : कोअर किती घेतले, कुठे घेतले आणि वेग किती धरला? फिजिक्स किंवा जिऑलॉजी शिकत असाल, तर त्या उत्तरांवरून जाडीचा हिशेब तुम्हालाही करून बघता येईल.