मोटारींतील ध्वनिवर्धकाचा फ्यूज

आजकाल मोटारगाडी घरीं आली, कीं आठ-पंधरा दिवसांत तरुण मंडळी तींत निराळा ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, बसवितात. पुढें एके दिवशीं आवाज एकाएकीं बंद पडतो. फ्यूज उडालेला असतो. एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारलें आहे, कीं चिरंजीवांच्या गाडींत ३० अँपिअरचा फ्यूज दोनदां उडाला. आतां ते ६०चा घालूं म्हणतात, तें योग्य काय? प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळें त्याचें उत्तर सविस्तर देत आहों.

६०चा फ्यूज मुळींच घालूं नये. फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेविलेली तार. मर्यादेपलीकडे प्रवाह वाढला, कीं ती वितळते व मार्ग तुटतो. ध्वनिवर्धकाच्या मार्गांत बहुधा दोन ठिकाणीं फ्यूज असतात. एक बॅटरीपासून सुमारें १८ इंचांच्या आंत. तो मागपर्यंत गेलेल्या लांब तारेचें रक्षण करितो. दुसरा यंत्राच्या अंगावर, तो यंत्राचें. मोठा फ्यूज घातल्यास तो शाबूत राहील, पण त्याच्या वांट्याचें तापणें तारेच्या वांट्यास येईल. तारेचें आवरण पेटतें तें आसनाखालीं, आणि त्या आसनावर घरचीं मुलें व वडीलधारीं माणसें बसलेलीं असतात. चांदीचा कागद गुंडाळणें तर त्याहूनही घातक होय.

३० हा अंक हिशेबानेंच ठरलेला असतो. समजा, यंत्र खऱ्या ३०० वॉटचें आहे व घेतलेल्या शक्तीपैकीं शेंकडा ८० उपयोगांत आणतें. तेव्हां तें ३७५ वॉट घेईल. गाडी चालूं असतां दाब सुमारें १३.८ व्होल्ट, म्हणजे प्रवाह सुमारें २७ अँपिअर झाला.

फ्यूज बदलतांना गाडी बंद करून बॅटरीचें ऋण टोक सोडवावें व फ्यूज सरळ उपटावा. आंतील तार तुटलेली डोळ्यांस दिसली नाहीं, तर मल्टिमीटरनें पाहावें. नवा फ्यूज त्याच अंकाचा असावा. नेहमींच्या चपट्या फ्यूजांत १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा व ३० चा हिरवा असतो.

नवाही उडाला, तर दोष शोधण्यास आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत उत्तम. जें असतां दोष होतो व जें नसतां होत नाहीं, तेंच कारण. म्हणून प्रथम स्पीकरच्या, संगीताचा संकेत आणणाऱ्या व यंत्र चालूं करणाऱ्या बारीक तारा सोडवून केवळ धन व ऋण तारा ठेवाव्या. एवढ्यानेंच फ्यूज उडाला, तर त्या तारा उलट जोडल्या आहेत किंवा यंत्रांत शॉर्ट सर्किट आहे. तसें न झाल्यास बारीक तार जोडावी. यंत्र चालूं होतांच उडाला, तर आंतील ट्रान्झिस्टर निकामी झाले असण्याचा संभव आहे, व तें काम कारागिराचें. तेंही ठीक असल्यास गाण्याचा संकेत जोडून स्पीकर एकेक करून जोडावे. जो जोडतांच उडेल, त्याची तार दाराच्या बिजागरीशीं घांसलेली असेल किंवा त्याचें आंतलें वेटोळें जळलेलें असेल.

आवाज चढवितांच फ्यूज उडत असेल, तर स्पीकरांची जोडणी पाहावी. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडिले, तर अडथळा २ ओहम होतो. अडथळा कमी तितका प्रवाह अधिक, हा ओहमचा १८२७ सालीं प्रसिद्ध झालेला नियम येथेंही लागू आहे. यंत्राच्या पुस्तिकेंत याहून मोठा अडथळा सांगितला असेल, तर जोडणी बदलावी. बॅटरीजवळचा फ्यूज यंत्र सोडविलें असतांही उडत असेल, तर दोष तारेंतच. ती इंजिनामागच्या पत्र्यांतून जेथें आंत येते, तेथें रबरी कडें नसल्यास पत्र्याची धार आवरण कापते.

गाडीच्या कप्प्यांत त्याच अंकाचे दोन फ्यूज नेहमीं ठेवावे. तेही उडाले, तर तिसऱ्यासाठीं दुकानांत न जातां वरील क्रमानें दोष शोधावा. आणि तो सांपडेपर्यंत गाडींत गाणें नसलें, तरी प्रवास सुखानें होतो.