बांधावरची बॅटरी आणि महागडं प्लॅटिनम

दोस्तांनो, यावेळी पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो, "मोटरच्या विजेची पाळी रात्रीची असली की बाबा उसाला पाणी पाजायला जातात. मीही जातो. बॅटरी नेमकी बांधावर मंद होते. मिथेनॉल ओतलं की वीज देणारा इंधनघट असतो म्हणे. मग तो दुकानात का दिसत नाही? आणि साखर कारखान्याच्या मळीचं अल्कोहोल त्यात चालेल का?"

वा! प्रश्न असावा तर असा.

या घटात काही जळत नाही बरं का. मधे पातळ पडदा, एका बाजूला पाणी मिसळलेलं मिथेनॉल, दुसऱ्या बाजूला साधी हवा. मिथेनॉलचा एक रेणू मोडला की सहा इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेतून धावतात. झाली वीज! हंगेरीत जन्मलेले जॉर्ज ओला (१९९४ चे नोबेल मानकरी) आणि आपल्या बंगळूरचे सूर्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत असा घट घडवला.

पण रेणू मोडायला उत्प्रेरक लागतो, आणि तो आहे प्लॅटिनम. इथंच घोडं अडतं. एक तर ते महाग. त्यात मिथेनॉल मोडताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो (बंद खोलीतल्या शेगडीचा तोच घातक वायू) आणि प्लॅटिनमला चिकटून बसतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसा! मग नवे रेणू बसणार कुठे? शेजारी रुथेनियम धातूचे अणू ठेवले, तर ते पाण्यातला ऑक्सिजन पुरवून त्या वायूचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि जागा मोकळी होते. मात्र रुथेनियमही काही स्वस्त नाही.

मग प्लॅटिनम कमी कसं करायचं? काम फक्त पृष्ठभागावर चालतं, आतले अणू नुसतेच बसून! एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच तीन नॅनोमीटरचे तुकडे केले तर? करा गणित. सुमारे वीस गुंठे! म्हणून प्लॅटिनमचा क्षार आणि बारीक काजळी ग्लायकॉल नावाच्या द्रवात तापवतात. क्षारातून धातूचे इवले कण सुटतात आणि काजळीवर चिकटतात.

दुसरी युक्ती मुलाम्याची. हुपरीचे कारागीर चांदीवर हात चालवतात, तुम्हाला मुलामा काय ते वेगळं सांगायला नको. कणाच्या आत तांबं किंवा निकेल, वर प्लॅटिनमचे दोन-तीनच थर. अडचण एवढीच, की घटातल्या आम्लात आतला स्वस्त धातू हळूहळू विरघळतो आणि कण खचतो. पहिल्या दिवशीची वीज पाहून भुलायचं नाही. हजारो फेऱ्यांनंतर किती उरते, ते खरं.

आता मळीचं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल. त्यात कार्बनचे दोन अणू हातात हात घालून असतात. पूर्ण मोडलं तर बारा इलेक्ट्रॉन मिळतील, पण ती जोडी सहसा सुटत नाही. व्हिनेगरमधलं आम्ल बनतं आणि चारच इलेक्ट्रॉन पदरात पडतात. ही जोडी स्वस्तात सोडवणारा उत्प्रेरक सापडला, तर उसाच्या गावांचं काय होईल, बघा!

आणि हो, मिथेनॉल आणून घरी खटपट मुळीच नको. ते जालीम विष आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत ते मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली, कित्येकांची दृष्टी जाते. दुकानात तो घट सहजी न दिसण्याला हेही एक कारण.

त्याऐवजी बाईंना सांगून शाळेत मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाका. वर तांबं चढेल. तांब्याच्या कणावर प्लॅटिनम चढवायची एक रीत याच जातीची. मोरचूदही विषारीच, तेव्हा हात धुवा. आणि पाण्याची निळाई किती दिवसांत उतरली, ते मात्र लिहून कळवा.