वीस ग्रॅमची बाटली अन् वीस किलोची गोणी : नॅनो युरियावर विद्यापीठांचे आकडे काय सांगतात?

गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की खताच्या दुकानासमोर रांग लागते. शेतकऱ्याला पाहिजे असतो युरिया. मशीनवर अंगठा लागतो, गोणी समोर येते आणि अनेक ठिकाणी गोणीसोबत अर्ध्या लिटरची बाटली पण पुढे सरकवली जाते. बाटली घेतली तर गोणी, नाहीतर "माल संपला". याला सगळीकडे आता 'लिंकिंग' म्हणतात. लहान पोरालाही हा शब्द पाठ झाला आहे.

बाटली नको म्हटलं की दुकानदाराचं किंवा कंपनीच्या प्रतिनिधीचं एक ठरलेलं वाक्य असतं, "अहो, विद्यापीठात संशोधन झालंय याच्यावर." मोबाईलवर एखादा व्हिडिओ पण दाखवला जातो. शेतकरी गप्प बसतो, कारण संशोधन म्हटलं की आपण काय बोलणार.

खरं तर संशोधन झालेलं आहेच. पण ते काय सांगतं ते व्हिडिओत येत नाही.

इफको या सहकारी संस्थेनं गुजरातमधल्या कलोल इथल्या आपल्या केंद्रात नॅनो युरिया तयार केला. २०२१ मध्ये तो बाजारात आला. मे २०२२ मध्ये कलोलच्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सुरुवातीला बाटलीची किंमत २४० रुपये होती, नंतर ती २२५ झाली. सांगितलं असं गेलं की अर्धा लिटरची एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी. कण इतके बारीक की पानाच्या छिद्रांतून थेट आत जातात, वाया काही जात नाही. देशभरात ११ हजार शेतकऱ्यांच्या शेतावर, ९४ पिकांवर चाचण्या घेतल्या आणि सरासरी ८ टक्के उत्पादन वाढलं, असं संस्थेचं म्हणणं आहे.

सरकारलाही ही गोष्ट सोयीची होती. देशाला वर्षाला साडेतीनशे लाख टनांच्या वर युरिया लागतो. शेतकऱ्याला गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते, पण तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे आणि तो फरक सरकारच्या तिजोरीतून जातो. त्यात काही माल परदेशातून आणावा लागतो. गोणीच्या जागी बाटली चालली असती तर सरकारचे हजारो कोटी वाचले असते, ट्रकचं भाडं वाचलं असतं, जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्यात जाणारं नायट्रेटही कमी झालं असतं. म्हणजे हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की बाटलीत तेवढा दम आहे का.

आधी साधा हिशोब

युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे एका गोणीत नत्र झालं २० किलो ७०० ग्रॅम. नॅनो युरियाच्या पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के. अर्ध्या लिटरला ते झालं २० ग्रॅम. एकीकडे वीस किलो, दुसरीकडे वीस ग्रॅम. हजारपटीचा फरक आहे.

आता बाटलीवाले म्हणतील, युरिया अर्ध्याच्या वर वाया जातो. खरं आहे. काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर खाली मुरतो. पिकाला ३० ते ४० टक्केच लागतो असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. धरू ३५ टक्के. तरी गोणीतलं सात किलोच्या वर नत्र पिकाच्या पोटात जातं. बाटलीतलं वीसच्या वीस ग्रॅम पानानं पिऊन घेतलं, थेंब वाया गेला नाही असं धरलं, तरी फरक साडेतीनशे पटीचा राहतो.

दुसऱ्या बाजूनं बघा. गव्हाच्या दाण्यात साधारण ११ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनं बनतात नत्रापासून. एक किलो गव्हात जवळपास १९ ग्रॅम नत्र बसतं. म्हणजे एका बाटलीतलं सगळं नत्र दाण्यात उतरलं, तरी त्यातून एक किलोभर गव्हाची गरज भागते. एक किलो. पोतं नाही, पायली नाही. बाकीच्या गव्हाचं नत्र कुठून येणार? जमिनीतूनच. आणि जमिनीत कोण टाकणार?

हाच प्रश्न हरियाणा कृषी विद्यापीठातल्या एका ज्येष्ठ मृदाशास्त्रज्ञानं, एन. के. तोमर यांनी, बाटली बाजारात आल्यानंतर जाहीरपणे विचारला होता. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठातले मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोन शास्त्रज्ञांनी 'प्लँट अँड सॉइल' या नियतकालिकात लेख लिहून नॅनो युरियाच्या दाव्यांना शास्त्रीय आधार दिसत नाही, असं स्पष्ट म्हटलं. हा लेख म्हणजे शेतातला प्रयोग नव्हता, दाव्यांची तपासणी होती. त्यामुळे "परदेशात बसून काय कळतं" असं म्हणायला जागा होती, आणि इफकोनं हे आक्षेप मान्यही केले नाहीत.

पण त्यानंतर उत्तर आलं ते पंजाबातून.

लुधियानात काय झालं

लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ म्हणजे हरितक्रांतीचं घर. गहू आणि भात या दोन पिकांत त्यांच्याइतकी माहिती देशात फार थोड्यांकडे आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी दोन वर्षं शेतात प्रयोग घेतला. काही प्लॉटला शिफारशीप्रमाणे पूर्ण नत्र नेहमीच्या युरियातून दिलं. काही प्लॉटला दाणेदार युरिया कमी करून त्या जागी नॅनो युरियाची फवारणी केली. बाकी जमीन, वाण, पाणी सारखं.

२०२४ च्या सुरुवातीला हे आकडे वर्तमानपत्रांत आले. नॅनो युरियाच्या प्लॉटमध्ये भाताचं उत्पादन १३ टक्क्यांनी कमी भरलं. गव्हाचं २१.६ टक्क्यांनी. नुसतं वजन घटलं नाही, दाण्यातलं नत्र, म्हणजे प्रथिन, पण घटलं. भातात १७ टक्के, गव्हात ११.५ टक्के. झाडाचा वरचा पसारा कमी, मुळांचाही कमी.

हे टक्के आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पंजाबची जमीन वेगळी, थंडी वेगळी, गहू आपल्या दुप्पट पिकतो. तरी अंदाजासाठी बघू. एकरी १८ क्विंटल गहू काढणाऱ्याचं २१.६ टक्के घटलं तर १४ क्विंटल उरतात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव २४२५ रुपये धरला तर एकरी साडेनऊ हजारांच्या आसपास फटका. कशासाठी? दोनशे-अडीचशे रुपयांची गोणी वाचवायला.

मग ११ हजार शेतांवर ८ टक्के वाढ कशी दिसली? यात कुणी खोटंच बोललं असं समजायचं कारण नाही. शेतकऱ्याच्या शेतावरची चाचणी आणि विद्यापीठाच्या प्लॉटवरचा प्रयोग यात फरक असतो. चाचणीत बाटली दिलेल्या शेताकडे शेतकऱ्याचं लक्ष जास्त असतं. खुरपणी वेळेवर होते, पाणी चुकत नाही, फवारणीत बाटलीबरोबर आणखी काहीतरी जातंच. वाढ झाली तर ती कशानं झाली हे सांगता येत नाही. विद्यापीठात एकच गोष्ट बदलतात, बाकी सगळं तसंच ठेवतात, आणि तोच प्लॉट तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा मांडतात, म्हणजे एखाद्या कोपऱ्यातली सुपीक जमीन हिशोब बिघडवू नये.

दुसरी गोष्ट वर्षांची. जमिनीत जुनं नत्र शिल्लक असतं. शेणखत पडलेलं, आधीच्या सोयाबीनचा पालापाचोळा. पहिल्या वर्षी अर्धा युरिया कमी केला तरी पीक त्या शिलकीवर निघून जातं. शेतकरी म्हणतो, बाटलीनं काम केलं. काम जमिनीनं केलेलं असतं, बाटली फक्त हजर असते. शिल्लक संपली की खरं चित्र दिसतं, म्हणून एका हंगामाच्या फोटोवर विश्वास ठेवणं धोक्याचं.

आणि पान हिरवं दिसतं त्याचं काय? दिसतं, नाकारायचं कारण नाही. पानावर थोडं जरी नत्र पडलं तरी पान काळोखं होतं. पण त्यासाठी बाटलीच पाहिजे असं नाही. हरभऱ्याला, कापसाला फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना दोन टक्के युरियाची फवारणी ही जुनी शिफारस आहे. दहा लिटरच्या पंपाला २०० ग्रॅम युरिया. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर चार किलो युरिया लागतो. त्यात नत्र झालं एक किलो ८४० ग्रॅम, म्हणजे चार टक्क्यांच्या ९२ बाट्ल्यांइतकं. खर्च? गोणीच्या भावानं चार किलोचे २४ रुपये. बाटली २२५ ची. हे गणित कुठल्याही व्हिडिओत सापडत नाही, कारण २४ रुपयांच्या फवारणीची जाहिरात करून कुणाचं पोट भरणार?

आता दुकानात चार टक्क्यांची बाटली जाऊन 'प्लस' आली आहे, नत्र २० टक्के. अर्ध्या लिटरला १०० ग्रॅम. पाचपट झालं, चांगलं झालं, पण गोणीतल्या वीस किलोपुढे ते दोनशेवा हिस्सा आहे. तसंच नॅनो डीएपीचं. २०२३ मध्ये आली तेव्हा बाटली ६०० रुपयांची, नत्र ८ टक्के, स्फुरद १६ टक्के. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत स्फुरद २३ किलो, बाटलीत ८० ग्रॅम. पेरणीच्या वेळी मुळाजवळ लागणारं स्फुरद पानावरच्या फवाऱ्यातून कसं पुरवायचं, हा प्रश्न युरियापेक्षाही अवघड आहे.

न्यायाचं बोलायचं तर लेबलवर पेरणीचा डोस बंद करा असं कुठं लिहिलेलं नाही. वरच्या डोसाच्या जागी वापरा, लिटरला दोन ते चार मिली, दोन फवारण्या, असं सांगितलेलं आहे. पण गावात पोचेपर्यंत सांगणं बदलतं. "दादा, दोन बाटल्या घ्या, युरिया टाकायचं कामच नाही." ज्याच्याकडे पाणी जेमतेम आहे आणि उधारीवर बियाणं आणलंय, तो ऐकतो. वर्षाचं पीक त्याच्यावर ठरतं.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांच्याकडेही जुने, लांब पल्ल्याचे प्रयोग आहेत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गहू या फेरपालटीवर १९८८-८९ पासून एकाच जमिनीत खताचा प्रयोग चालू आहे. एका प्लॉटला नुसतं नत्र, एकाला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला त्याच्यासोबत शेणखत, एकाला काहीच नाही. इतक्या वर्षांत सगळ्यात टिकून राहिला तो शिफारशीचं खत अधिक शेणखत दिलेला प्लॉट. नुसत्या नत्राचा प्लॉट मागे पडत गेला. यात नवं काही नाही, आजोबापण हेच सांगायचे. पण पस्तीस वर्षांच्या या प्रयोगाचं रील होत नाही. विद्यापीठांत जागा रिकाम्या, विस्ताराला माणूस नाही, आणि कंपनीचा प्रतिनिधी मात्र आठवड्याला पारावर हजर. तिथं शेतकऱ्यानं कुणाचं ऐकावं?

म्हणून पुढच्या वेळी "विद्यापीठात संशोधन झालंय" असं कुणी म्हटलं की विचारायला हरकत नाही. कुठल्या विद्यापीठात? किती वर्षं? पूर्ण खत दिलेल्या प्लॉटशी तुलना केली का, की काहीच न दिलेल्या? काहीच न दिलेल्या प्लॉटपुढे साधं पाणी मारलेलं पण कधी कधी चांगलं दिसतं. आणि प्रयोगाचा खर्च कुणी केला?

ज्याला स्वतः बघायचंय त्यानं शेतातच बघावं. एकाच वावरात पाच-सात सऱ्यांचे पट्टे पाडायचे. एकाला नेहमीचा पूर्ण डोस, एकाला कमी युरिया अधिक बाटली, आणि एकाला तेवढाच कमी युरिया, बाटली नाही. हा तिसरा पट्टाच महत्त्वाचा, आणि तोच कुणी ठेवत नाही. बांधाकडेचा भाग सोडून मधला माल वेगळा मळायचा, वेगळा तोलायचा. हिरवेपणा डोळ्यांनी मोजू नये, वजनकाट्यावर मोजावा.

राहिला लिंकिंगचा विषय. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून युरिया-डीएपीसोबत नॅनो खतं आणि बायोस्टिम्युलंट जबरदस्तीनं देणं तात्काळ थांबवा, असं कळवलं. म्हणजे दिल्लीलाही हे माहीत आहे. दुकानदाराची बाजू अशी की त्याच्यावर वरून माल लादला जातो. गाडीत शंभर गोण्या आल्या तर बाटल्यांचे खोके पण उतरवावे लागतात. त्यात तथ्य आहे, पण शेवटी भुर्दंड बसतो तो रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला.

बाटली नको असेल तर नको म्हणता येतं. युरिया देण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट कायद्यात नाही. पक्कं बिल मागावं. बाटली माथी मारली असेल तर ती बिलावर लिहून घ्यावी, बरेचदा बिल म्हटलं की बाटली आपोआप मागे जाते. तरीही ऐकलं नाही तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची कुठं नोंद होत नाही. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१ आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.