श्रद्धा, विज्ञान आणि पाणवठा

धर्म आणि विज्ञान यांचे वैर हा आपल्याकडील सुशिक्षितांचा जुना आवडता विषय आहे. गॅलिलिओवरील खटला आणि डार्विनच्या सिद्धांताविरुद्ध उठलेले वादळ ही उदाहरणे सर्वांना तोंडपाठ असतात, आणि ती दिली की चर्चा संपली असे समजून सभा उठते. परंतु माणसामाणसांतील भेदाच्या प्रश्नापुरते पाहिले तर ख्रिस्ती श्रद्धा आणि आधुनिक विज्ञान आज परस्परविरोधी असे काही बोलत नाहीत. सर्व मानवजात एकाच मुळापासून झाली, असे ही श्रद्धा मानते. विज्ञान ईश्वराविषयी मौन पाळते. पण एकाच मुळाविषयी त्याची साक्ष आता निःसंदिग्ध आहे. मग दोघांचे एकमत होऊनही मराठवाड्यातील गावांत वस्त्या अद्याप वेगळ्या का? आणि दुष्काळ किंवा साथ सर्वांवर एकाच वेळी कोसळत असताना तिची झळ प्रथम कोणाला लागणार, हे आधीच का ठरलेले असते? श्रद्धा आणि विज्ञान यांच्या संवादाची खरी कसोटी या प्रश्नाजवळ लागते.

प्रथम विज्ञानाची साक्ष पाहू. १९७२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी दाखवून दिले की, मानवांतील आनुवंशिक वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य हे एकाच समूहाच्या अंतर्गत आढळते. वंशावंशांतील फरकाच्या वाट्याला त्याचा अगदी लहान भाग येतो. मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचण्याचे जे आंतरराष्ट्रीय काम २००३ साली पुरे झाले, त्याने कोणत्याही दोन माणसांचा हा आराखडा सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो, हे स्पष्ट केले. या कामाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या देशापुरते बोलायचे तर हैदराबादच्या पेशीजीवशास्त्र संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचा सर्रास संकर होत होता; त्यानंतर तो थांबला आणि जो तो समूह आपल्यापुरताच विवाह करू लागला.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाची येथे आठवण व्हावी. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे आणि हे निर्बंध एकजिनसी समाजावर मागाहून लादले गेले, असा त्यांचा सिद्धांत होता. प्रयोगशाळेला त्याच्याजवळ पोहोचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

याचा अर्थ विज्ञानाचे हात नेहमीच स्वच्छ होते असा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली, तीही विज्ञानाच्याच नावाने. या मापांना मापांनीच उत्तर देण्याचे काम बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथात केले. नासिकामापनाचीच आकडेवारी घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवले.

चर्चचा इतिहासही याहून उजळ नाही. मद्रासच्या मिशनऱ्यांनी १८५० साली जातिभेदाविरुद्ध कडक ठराव केला खरा; पण त्यानंतर दीडशे वर्षांनी, २००३ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांना तामिळनाडूच्या बिशपांना जातीच्या पक्षपाताबद्दल खडसवावे लागले. धर्मांतरिताची जात चर्चने मोडली नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप चर्चनेच खरा ठरवला. एवंच, माणूस एक आहे हे सांगण्यात दोघेही पुढे होते. तसे वागण्याची वेळ आली तेव्हा दोघेही वारंवार मागे राहिले.

आता संकटाकडे वळू. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला संकट हा शब्द एकवचनी वाटत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, उपासमारीचे कारण केवळ धान्याची टंचाई नसते. धान्य मिळवण्याची ऐपत कोणाकडे उरते आणि कोणाची जाते, यावर माणसांचे जगणे अवलंबून असते. महाराष्ट्रातील १९७२च्या दुष्काळाने याचा उलट्या बाजूने पुरावा दिला. पिके बुडाली, विहिरी आटल्या. तरीही मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत, कारण १९७३च्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे मजुरी कमावत होती. त्याच अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा आला. याउलट ८ मे २०२० ची पहाट आठवा. आपल्या शहरापासून जवळच, करमाडनजीक, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून काम बंद झाल्यावर मध्य प्रदेशातील आपापल्या गावी ते पायी निघाले होते. करोनाच्या विषाणूला जात, प्रांत, मिळकत यांतले काही कळत नव्हते. पण टाळेबंदीत घरी कोण बसू शकतो आणि रुळांवरून कोण चालत जातो, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला ते सगळे पुरते कळत होते.

तेव्हा श्रद्धा आणि विज्ञान यांचा संवाद पाहायचा तर तो परिसंवादांत पाहू नये, दुष्काळात पाहावा. असा एक संवाद आपल्या शेजारी घडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. नगरहून आपल्याकडे येणाऱ्या रस्त्यावरील वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षे काम केले. बरे करून घरी पाठवलेली माणसे त्याच आजाराने पुन्हा दारात येतात, हे त्यांनी तेथे पाहिले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली मराठवाड्याच्या सीमेलगत, तेव्हाच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी काम सुरू केले. त्यांचा जम बसतो न बसतो तोच दुष्काळ आला.

गावांना पाणी हवे होते आणि कूपनलिका खोदण्यासाठी मदत मिळत होती. आरोळ्यांनी त्या वेळी जे केले ते आजही विचार करायला लावणारे आहे. पाणी शोधणाऱ्यांना त्यांनी सांगितले की, जागा दलित वस्तीत पाहा. गावोगाव हातपंप तेथे बसले, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दलितांना आपल्या विहिरीपासून दूर ठेवले, त्यांना घागर घेऊन दलित वस्तीत यावे लागले.

या घटनेत श्रद्धेचे आणि विज्ञानाचे काम वेगवेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल. आपल्या भागातील काळा पाषाण पाणी सहजासहजी देत नाही. ते असते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. ते कोठे लागण्याचा संभव आहे, हे भूगर्भशास्त्रच सांगू शकते. प्रार्थनेने कोरडा दगड पाझरत नाही, आणि नुसत्या करुणेने खोदलेली कूपनलिका कोरडी जाऊ शकते. परंतु गावात चार जागी पाणी लागण्याजोगे असेल तर त्यांपैकी कोणती जागा निवडायची, हे भूगर्भशास्त्र सांगत नाही. ती निवड मूल्यांची आहे. शासकीय यंत्रणा ती निवड न करता तांत्रिक सोयीच्या नावाखाली हातपंप सरपंचाच्या दारात बसवते, तेव्हाही ती मूल्यांचीच निवड असते. फक्त तिचा उच्चार होत नाही. आरोळ्यांनी तिचा उच्चार केला. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, तिच्या हातचे पाणी यहुद्याला निषिद्ध असताना मागितले, ही कथा प्रत्येक ख्रिस्ती मुलाला ठाऊक असते. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे घडले, ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. जामखेडला या दोन पाणवठ्यांची आठवण भूगर्भशास्त्राच्या हाती हात देऊन उभी राहिली.

वैद्यकाचेही तसेच झाले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक जणी दलित, अशा स्त्रियांना आरोळ्यांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार केले. निरनिराळ्या जातींच्या या बाया एकत्र शिकत आणि एकत्र जेवत. जिचा स्पर्श विटाळ मानला जाई, तिने सवर्णाच्या घरी बाळंतपण करावे आणि बाळ-बाळंतीण दोन्ही सुखरूप राहावीत, हा अनुभव कोणत्याही व्याख्यानापेक्षा प्रभावी ठरला. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास अर्भके दगावत. पुढील सुमारे पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या कामाचा वृत्तांत आपल्या ग्रंथात घेतला, १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला त्यामागील अनुभवांत जामखेडचाही अनुभव होता, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवावे लागते. जामखेडला लागूनच बीड जिल्हा आहे. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली शासकीय पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या खाड्यापायी मजुरी कापली जाते तो पाळीच्या दिवसांत नको, म्हणून अनेकींनी हा मार्ग पत्करला. आणि भय घालून शस्त्रक्रिया उरकणारे वैद्यही त्यांना भेटले. भूल, सुरी, टाके हे सर्व आधुनिक विज्ञानच होते. ज्या शरीरावर ते चालले, त्याच्यामागील जीवनाची चौकशी मात्र तेथे कोणी केली नाही. त्याच मातीत, तितक्याच दारिद्र्यात, तेच वैद्यकशास्त्र एका ठिकाणी माणसाला उभे करते आणि दुसऱ्या ठिकाणी मुकादमाच्या सोयीने त्याला कापते.

समाजवादी वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. जामखेड म्हणजे शेवटी दोन असामान्य डॉक्टरांचे औदार्य; परदेशी चर्चच्या मदतीवर उभे राहिलेले बेट. हक्क आणि दान यांत फरक आहे. हे आम्हाला मान्य आहे. १९७२ साली लाखो माणसे जगली ती सरकारी कामांवरच्या मजुरीमुळे, आणि त्या मजुरीला पुढे कायद्याचे बळ मिळाले ते राजकीय लढ्यांमुळे. दानाचा इतिहास आपल्याच भागात पाहा. नारायण शेषाद्री या ब्राह्मण धर्मोपदेशकाने सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातच, महार-मांग धर्मांतरितांसाठी बेथेल ही वसाहत उभारली. अशांना भाकरीसाठी बाटलेले म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत पडली. ज्यांच्या धर्माने त्यांना भाकरी आणि पाणी दोन्ही नाकारले, त्यांनी ती कोठे घ्यावी, हा प्रश्न हिणवणाऱ्यांनी कधी स्वतःला विचारला नाही. तरीही वसाहत वेगळी आणि पाणवठा एक, या दोन गोष्टी भिन्न आहेत. बेथेलने दलितांना गावाबाहेर आसरा दिला. जामखेडच्या हातपंपाने गावाला दलितांकडे आणले. म्हणून दुसऱ्याचे मोल आम्ही अधिक मानतो, आणि तो मार्ग एखाद्या डॉक्टरच्या सद्‌बुद्धीवर न सोडता शासनाच्या नियमात उतरावा, अशी आमची मागणी आहे.

शासनाची स्वतःची वागणूक मात्र विचित्र आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे त्याचे समर्थन. म्हणजे जे श्रद्धेचे उद्दिष्ट, ते समाजाची वस्तुस्थिती म्हणून सरकारने खाती लिहून टाकले! १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा मागितला की, धर्मांतरानंतरही ही अवनती तितकीच तीव्र राहते. आता चर्चपुढे पेच असा की, न्याय मागायचा तर आपल्या घरात जात आहे हे जाहीरपणे कबूल केले पाहिजे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली; ती न स्वीकारता २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. आमचे मत स्पष्ट आहे: सवलतीचा निकष माणसाची सामाजिक स्थिती असावा, आणि ती धर्मग्रंथावरून न ठरवता पाहणी करून ठरवावी. येथे विज्ञानाने श्रद्धेला आणि शासनाला दोघांनाही आरसा दाखवला पाहिजे.

चर्चनेही तो आरसा टाळू नये. विवाह ठरवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जात असेल, तर एकाच मुळाची प्रवचने व्यर्थ आहेत. आणि विज्ञानाच्या उपासकांनी, विशेषतः आमच्या विद्यापीठीय बंधूंनी, माणूस ९९.९ टक्के एक आहे असे वर्गात शिकवून समाधान मानू नये. मराठवाड्याला अवर्षण नवे नाही. पुढच्या खेपेस टँकर कोणत्या वस्तीत आधी थांबतो, हातपंप कोणाच्या दारात बसतो, छावणीच्या यादीत कोणाची नावे शेवटी येतात, याची नोंद आत्तापासून ठेवावी. ती ठेवण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू एका टेबलाशी बसले, तर त्या संवादाला आम्ही अवश्य संवाद म्हणू.